तंबू, कुत्रा आणि वरोरचा किनारा

सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे धर्मराजाने नाकारले, ही महाभारतातील कथा सर्वश्रुत आहे. आजचा हौशी प्रवासीही गाडीत तंबू आणि कुत्रा घेऊन समुद्राकडे निघतो. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, बोर्डी ही गावे अशा भटकंतीला सोयीची. येथे लांबवर वाळू आणि खडक, गर्दी बेताची. परंतु मोकळा दिसणारा हा किनारा रिकामा नाही. तो कोणाकोणाचा आहे, हे समजून घेऊनच येथे मुक्काम करावा.

पहिला हक्क समुद्राचा. खंबातच्या आखाताकडे समुद्र अरुंद होत जातो, म्हणून येथे भरती-ओहोटीतील फरक मुंबईपेक्षा मोठा असतो. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी दूर जाते आणि भरतीला झपाट्याने परत येते. तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबईकडील पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, असा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. उत्तरेकडे ही वेळ थोडी पुढे सरकते. ती गावातील मच्छिमाराकडून पक्की करून घ्यावी. वाळूवर काटक्या व शेवाळ यांची जी रेष दिसते, ती भरतीची खूण. मात्र अष्टमीच्या भांगाची रेष पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याखाली जाते. म्हणून तंबू रेषेच्या बराच वर लावावा आणि गाडी वाळूत न उतरवता रस्त्यावरच ठेवावी. सुरूच्या झाडांखाली चूल पेटवू नये. तेथील वाळलेला पाला चटकन पेट घेतो.

दुसरा हक्क मच्छिमारांचा. पावसाळा संपला की बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळू लागतात, जवळा उन्हात पसरला जातो. पाहुण्याला जे मैदान वाटते, ते कोणाचे तरी खळे असते. तेथे कुत्रा मोकळा सुटला तर एका घराची दिवसाची कमाई मातीला मिळते. शिवाय गावातल्या कुत्र्यांना आपली हद्द ठाऊक असते. परक्या कुत्र्याशी त्यांची झुंज ठरलेली. म्हणून निघण्यापूर्वी रेबीजची लस टोचून घ्यावी आणि दोरी हातात ठेवावी.

तिसरा हक्क मुक्या जीवांचा. हिवाळ्यात दूर देशांहून आलेले तुतवार, चिखल्या असे पक्षी भरतीच्या वेळी उरलेल्या कोरड्या पट्टीवर विसावतात. कुत्रा मागे लागला की पुढच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची शक्ती वाया जाते. समुद्री कासवांची अंडी उकरून खाणाऱ्यांत कुत्रा व कोल्हा हे प्रमुख. कुत्र्यालाही धोके आहेतच: खारे पाणी प्यायल्याने उलट्या होतात, तापलेल्या वाळूने पंजे भाजतात, आणि वाहून आलेला केंड मासा खाल्ला तर विषाने जीव जाऊ शकतो. धर्मराजाने कुत्र्याला सोडले नाही. या किनाऱ्यावरही त्याला सोडू नये!

हा किनारा असा राहिला तो केवळ योगायोगाने नव्हे. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. त्याने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 76 हजार कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव घालण्याची ही योजना आहे. बंदरामुळे रोजगार येईल असे सरकार म्हणते. खडकांतील माशांची पैदास नष्ट होईल असे मच्छिमार म्हणतात.

या वादात विद्यार्थ्याने कोणती बाजू घ्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु 'अविकसित' हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याने एकदा ओहोटीच्या वेळी वरोरच्या खडकांकडे पाहावे. तेथे पाटी घेऊन वाकलेली बाई कालवे काढत असते. ती जागा ओसाड आहे असे तिला सांगून पाहावे.