दोन सुताची दांडी

अंजुरफाट्याहून माणकोलीकडे निघालं की दापोडे लागतं. एकेकाळची भाताची खाचरं, आता दुतर्फा पत्र्याची गोदामं. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर पण मुंबईला लागून, या एका सोयीवर भिवंडी तालुक्याचा हा पट्टा वाढला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र हलली नाहीत. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात पसारा मांडला तेव्हा पहिलं मोठं गोदाम भिवंडीतच घेतलं होतं. आज मुंबई-ठाण्यात कुणी मोबाइलवरून सुतारकामाचं एखादं हत्यार मागवलं, तर ते या पट्ट्यातल्या कुठल्यातरी रॅकवरून निघालेलं असण्याची शक्यता दांडगी.

पण हत्यारं इथून नुसती रवाना होत नाहीत, वापरलीही जातात. गोदामात भाडेकरू बदलला की ऑफिसची केबिन बदलते. नवं पार्टिशन, नवं टेबल, फायलींची कपाटं. प्लाय कापायचा, त्यावर एक एमएमची सनमायका चिकटवायची, कडा साफ करायच्या. शेवटचं काम पूर्वी कानशीने आणि रंध्याने व्हायचं. आता ट्रिमर करतो. हातात मावणारा, दीड किलोच्या आसपास वजनाचा छोटा राउटर. मकिताचा ३७०९ हा ५३० वॅटचा, मिनिटाला ३०,००० फेरे घेणारा. बॉशचा जीकेएफ ५५० हा ५५० वॅटचा, ३३,००० फेऱ्यांचा. ताकद घरातल्या मिक्सरएवढीच. विजेवर चालणारा हाती राउटर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत कार्टर नावाच्या माणसाने बाजारात आणला आणि १९२९ मध्ये तो धंदा स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. त्याचं हे धाकटं भावंड जन्माला आलं ते लॅमिनेटच्या, म्हणजे सनमायकाच्या, कडा छाटण्यासाठी. पुढे माणसं त्याच्याकडून काय वाट्टेल ते करून घेऊ लागली, आणि त्यात बसवायचं पातं, म्हणजे बिट, निवडताना घोळ होतो तो इथेच.

नवा ट्रिमर घेणारा माणूस हमखास त्याच्यासोबत बिटांची पेटी घेतो. बारा किंवा पंधरा बिट, स्पंजात रोवलेले, दिसायला देखणे. त्यातले निम्मे पेटीतच गंजतात. माझं मत विचाराल तर पेटी घेऊच नये. तेवढ्याच पैशात तीन चांगले बिट घ्यावेत आणि चौथा काम अडेल तेव्हा.

आधी बिटाची दांडी बघायची. ट्रिमरच्या कोलेटमध्ये, म्हणजे दांडी पकडणाऱ्या चिमट्यात, जाते ती सहा एमएमची किंवा पाव इंचाची, म्हणजे दोन सुताची. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण सुताराच्या तोंडातलं सूत काही गेलं नाही, आणि बिटांच्या बाजारातही दोन्ही मापं सुखाने नांदतात. फरक फक्त ०.३५ एमएमचा. नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. सहाची दांडी पाव इंचाच्या कोलेटमध्ये घालून नट आवळला तर पकडल्यासारखी वाटते, आणि लाकडावर जोर येताच हळूहळू खाली सरकते. दोन एमएमची खाच शेवटाला चार एमएमची झालेली असते. मशीनवर कोणता कोलेट आहे ते पाहून त्याच मापाची दांडी घ्यावी. बसवताना ती तळाला टेकवून मग दोन-तीन एमएम वर उचलावी आणि त्यानंतर नट आवळावा. टेकलेली राहिली तर कोलेटची पकड पुरती बसत नाही.

आता पहिला बिट. सरळ पात्यांचा, खाली बेअरिंग असलेला फ्लश ट्रिम. केबिनच्या कामात ट्रिमरचा बराचसा दिवस याच्यावर जातो. बेअरिंग प्लायच्या कडेला टेकून फिरतं, आणि त्याच्याच व्यासाची पाती बाहेर आलेली मायका तेवढीच कापतात. लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये भिजवून दाबलेला कागद. तो साध्या हायस्पीड स्टीलच्या पात्याची धार बघता बघता खातो. म्हणून पाती टंगस्टन कार्बाइडचीच हवीत. कापलेली कड मात्र ब्लेडसारखी धारदार राहते, बोट फिरवलं तर रक्त. अनुभवी मिस्त्री ती कानशीने मारतो, किंवा सात अंशांचा उतार असलेला बिट वापरतो.

या बिटाचा जीव बेअरिंगमध्ये असतो. मायका रबरी सोल्युशनने चिकटवली की कडेला त्याचा थर उरतो. बेअरिंग त्यावरून फिरताना चिकट गोळा होतं, जाम होतं, आणि बिटाबरोबर त्याच वेगाने गरगरायला लागतं. नव्या कोऱ्या मायकावर तपकिरी रेघ उमटते ती अशी. ती रेघ पुसली जात नाही, अख्खी पट्टी उखडावी लागते. दर दोन-चार कडांनंतर मशीनची वायर काढून बेअरिंग बोटाने फिरवून पाहणं आणि त्याचा बारीक स्क्रू आवळलेला आहे ना हे बघणं, एवढ्यावर हे टळतं. बिट रॉकेलमध्ये बुडवून साफ करणारे असतात. बुडवावा, पण बेअरिंग काढून, नाहीतर आतलं ग्रीस धुऊन जातं.

दुसरा, साधा सरळ बिट. कपाटाच्या पाठीचा प्लाय अडकवायची खाच, एलईडी पट्टीची झिरी, कुलपाची खोबण. इथे मोह होतो तो सहाच्या प्लायला सहाचा बिट घेण्याचा. पण सहा म्हणून विकलेला प्लाय बऱ्याचदा सहा भरत नाही, आणि मग पाठ खडखडते. त्यापेक्षा पाच किंवा चारचा बिट घेऊन दोन फेऱ्यांत प्लायच्या खऱ्या जाडीइतकी खाच करावी. एका फेरीत खोली बिटाच्या व्यासाच्या निम्म्यावर नेऊ नये.

तिसरा, कडा गोल करणारा, तीन एमएम त्रिज्येचा. सागवानी पट्टीची कड याने मारली की हाताला बरी लागते. मोठ्या त्रिज्येचे बिट पेटीत ऐटीत बसलेले असतात, पण हिशेब करून पाहा. त्रिज्या दुप्पट झाली की उडवायचं लाकूड चौपट होतं. तीनला कडेच्या छेदातून जेमतेम दोन चौरस एमएम जातं, सहाला पावणेआठ, बाराला एकतीसच्या आसपास. पाचशे वॅटच्या मोटरला सहाचा बिट दोन फेऱ्यांत झेपतो. बाराचा बिट मोठ्या राउटरसाठी सोडून द्यावा. त्यात आणखी एक भानगड आहे: पंचवीस एमएम व्यासाचा बिट ३०,००० फेऱ्यांवर फिरला तर त्याच्या टोकाचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या घरात जातो. एवढ्या व्यासाला २४,००० च्या आतच राहावं, आणि वेग कमी करायची चकतीच नसलेल्या मशीनवर तो लावूच नये.

वेगाचा दुसरा हिशेब उलटा आहे. दोन पात्यांचा बिट ३०,००० फेऱ्यांवर मिनिटाला ६०,००० काप घेतो. हात मिनिटाला तीन मीटर सरकला तर दर कापाला ०.०५ एमएम लाकूड येतं, म्हणजे खरंच कापलं जातं. घाबरत घाबरत एक मीटरने सरकलं तर पातं कापत नाही, घासतं, आणि सागवान काळं पडतं. नवशिक्याला वाटतं बिट बोथट आहे. सरकवायचं ते बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने. सुलट नेलं तर बिट मशीनला ओढून पळवतो. काम एमडीएफचं असेल तर मास्क लावल्याशिवाय उभं राहू नये. ती धूळ पिठाइतकी बारीक असते आणि गोदामातल्या बंद हवेत बराच वेळ तरंगते.

हल्ली एमडीएफवर उभ्या रेघा मारलेल्या पॅनेलची फॅशन आहे, त्यामुळे व्ही आकाराचा बिट चौथा म्हणून बऱ्याच पेट्यांत आला आहे. काम मिळत असेल तर घ्यावा. टोक बारीक असतं, पहिलं तेच जातं.

स्वस्त बिट ओळखायचा तर पात्याची जाडी बघायची. कार्बाइडचा तुकडा पातळ असला तर तो धार लावून पुन्हा वापरण्याजोगा उरत नाही. जाड असला तर पात्याच्या सपाट बाजूवर हिऱ्याची पट्टी घासून दोन-चार वेळा धार परत आणता येते. बाहेरची बाजू मात्र घासायची नाही. ती घासली की व्यास उतरतो, बेअरिंग पात्यांहून मोठं ठरतं, आणि कापल्यावरही मायका प्लायच्या कडेबाहेर केसभर उरते.