चिंचेचा घाट

थायलंडच्या पश्चिम भागात कांचनबुरी हे नगर आहे. तेथे ख्वे याई व ख्वे नोई या दोन नद्यांचा संगम होतो. थाई भाषेत 'ख्वे' म्हणजे उपनदी, 'याई' म्हणजे मोठी आणि 'नोई' म्हणजे लहान. संगमानंतर हा प्रवाह मे क्लोंग या नावाने पुढे वाहत जाऊन थायलंडच्या आखातास मिळतो. संगमाच्या थोडे वर, ख्वे याईच्या काठी, था मखाम हे गाव वसले आहे. था मखाम म्हणजे चिंचेचा घाट!

गावाच्या पूर्वेस सपाट मैदान आहे. वायव्येस ब्रह्मदेशाच्या सीमेपर्यंत डोंगर व दाट अरण्ये पसरली आहेत. मैदानातून निघून ख्वे नोईच्या खोऱ्याने ब्रह्मदेशाकडे जावयाचे, तर वाटेत ख्वे याई ओलांडावी लागते. या भूरचनेमुळेच दुसऱ्या महायुद्धात या लहानशा गावी एक मोठा पूल उभा राहिला.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकला. तेथील सैन्यास रसद पोचविण्याचा सागरी मार्ग मलाया द्वीपकल्पास वळसा घालून जाई. तो लांबचा होता, शिवाय शत्रूच्या पाणबुड्यांचे भय होतेच. म्हणून थायलंडमधील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायातपर्यंत सुमारे ४१५ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग बांधण्याचे जपानने ठरविले.

या कामावर ६० हजारांहून अधिक युद्धकैदी जुंपले गेले. त्यांत ब्रिटिश, डच व ऑस्ट्रेलियन सैनिक होते. त्यांच्याखेरीज ब्रह्मी, मलायी व जावा बेटातील सुमारे दोन लाख मजूर होते. मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूरही त्यांत होते. खडक फोडावयास पहार व हातोडा, माती वाहावयास टोपली, एवढीच बहुतेकांची साधने. अपुरे अन्न, अतिश्रम आणि १९४३ च्या पावसाळ्यात पसरलेली पटकी यांमुळे माणसे पटापट मृत्युमुखी पडली. १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले, तोवर फार मोठी किंमत मोजली गेली होती. सुमारे १२ हजार युद्धकैदी मरण पावले. मृत मजुरांची संख्या ९० हजारांच्या घरात असावी, असा अंदाज आहे.

था मखाम येथे प्रथम लाकडी व नंतर पोलादी पूल बांधण्यात आला. पोलादी पुलाच्या कमानी जावाहून आणल्या होत्या. १९४५ मध्ये विमानांच्या बाँबवर्षावाने त्यांतील काही कोसळल्या. युद्धानंतर त्या जागी सरळ आकाराचे भाग बसविले गेले. जुन्या वक्र कमानींमध्ये ते आजही चटकन ओळखू येतात.

युद्धकाळी येथील प्रवाहासही मे क्लोंग असेच म्हणत. पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या १९५२ सालच्या कादंबरीने आणि तीवरील १९५७ सालच्या चित्रपटाने 'क्वाय नदीवरील पूल' जगप्रसिद्ध झाला. प्रवासी ती नदी शोधू लागले, तेव्हा १९६० साली या प्रवाहास ख्वे याई असे नाव देण्यात आले.

कांचनबुरीच्या युद्धस्मशानात सुमारे सात हजार सैनिकांच्या समाध्या ओळीने उभ्या आहेत. सैनिकांच्या नोंदी त्यांच्या अधिकाऱ्यांनी जपल्या होत्या. मजुरांच्या नोंदी कोण ठेवणार? एका कथेमुळे नदीस नवे नाव मिळाले. परंतु ज्यांनी रूळ अंथरले, त्यांतील बहुतेकांची नावे अरण्यातच विरून गेली.