कठडा कधी सोडायचा?

आमच्या आजोळी 'रेस' या शब्दाचा उच्चार करायचीही चोरी होती. थोरल्या मामांनी रेसपायी आधी मामींच्या पाटल्या विकल्या, मग शेताचा तुकडा गेला. मामांना जाऊन आता पंधरा वर्षं झाली, पण टीव्हीवर घोडे पळताना दिसले तरी मामी उठून आत जातात. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात भाचीनं, "मावशी, पुण्याला रेसकोर्सवर येतेस का?" असं विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. भाची जनावरांची डॉक्टर होतेय. तिला घोडे बघायचे होते, पैसे लावायचे नव्हते. 'एक रुपयाही लावायचा नाही' या अटीवर मी गेले.

आदल्या रात्री पाऊस झाला होता. शेवटचं वळण घेऊन घोडे समोर आले तेव्हा पायाखालची जमीन हादरल्यासारखी वाटली. जो घोडा जोरात पळतो तो जिंकतो, त्यात काय एवढं, असं मला आजवर वाटायचं. पण इथे एक घोडा आतल्या कठड्याला अगदी चिकटून पळत होता. त्याच्या पुढे दोन घोडे, बाजूला एक. अंगात जोर होता, पण जायला जागाच नव्हती! त्याचा जॉकी बिचारा लगाम आवळून त्याला थोपवत होता. तेवढ्यात बाहेरच्या बाजूनं दुसराच घोडा आला आणि सगळ्यांच्या पुढे निघून गेला.

"अगं, हा तर लांबून आला!" मी म्हटलं.

"मावशी, इथेच तर जॉकीची खरी परीक्षा असते," भाची म्हणाली आणि तिनं मला सगळं समजावून सांगितलं.

देवळातली प्रदक्षिणा आठवा. गाभाऱ्याच्या भिंतीलगत चालणारीची फेरी लवकर होते, बाहेरून चालणारीला जास्त पावलं टाकावी लागतात. शाळेच्या मैदानावर 400 मीटरच्या शर्यतीत बाहेरच्या मुलीला पुढे उभं करतात, ते याचसाठी. घोड्यांच्या शर्यतीत मात्र आखलेल्या पट्ट्या नसतात. एकदा दार उघडलं की ज्यानं त्यानं आपली वाट शोधायची. पूर्ण एका फेरीत घोडा कठड्यापासून एक मीटर बाहेर राहिला, तर त्याला सव्वासहा मीटर जास्त पळावं लागतं. म्हणजे जवळजवळ अडीच घोड्यांच्या लांबीइतकं! आणि शर्यती तर कधी कधी नाकाच्या टोकानं हरल्या जातात.

मग सगळेच आतून का पळत नाहीत? कारण तिथे कोंडी होते. शिवाय पावसाळ्यात, सारखे घोडे जाऊन आतली जमीन उखडते, पाय रुततात. अशा वेळी लांबची पण घट्ट वाट परवडते. त्यात वाऱ्याचाही हिशेब असतो. दुसऱ्याच्या मागे पळणाऱ्या घोड्याला आडोसा मिळतो, दम वाचतो. फार लवकर बाहेर पडलं तर वारा अंगावर आणि अंतरही जास्त, फार उशीर केला तर वाटच बंद. आणि हे ठरवायचं कधी? घोडा सेकंदाला सोळा-सतरा मीटर पळत असताना!

घरी आल्यावर भाचीनं मला मिशेल पेनची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातली ही मुलगी दहा भावंडांत धाकटी. ती सहा महिन्यांची असताना आई मोटार अपघातात गेली. 2004 मध्ये शर्यतीत घोड्यावरून पडून तिच्या कवटीला मार बसला, मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही ती परत घोड्यावर बसली. 3 नोव्हेंबर 2015 रोजी ती मेलबर्न कपमध्ये 'प्रिन्स ऑफ पेन्झान्स' या घोड्यावर उतरली. शर्यत 3200 मीटरची, घोडे 24. या घोड्याचा भाव होता एकाला शंभर, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कुणालाच वाटत नव्हतं.

घोडा कुठून सुटणार याची सोडत निघते. ती काढली मिशेलच्या भावानं, स्टीव्हीनं. स्टीव्हीला डाउन सिंड्रोम आहे आणि याच घोड्याची देखभाल तो करायचा. त्यानं उचलला 1 नंबर, अगदी कठड्याजवळचा! मिशेलनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. सुरुवातीला आतल्या बाजूनं, घोळक्याच्या आडोशानं तिनं घोड्याचा दम राखला. तिथेच बसून राहिली असती तर कोंडली गेली असती. पण वेळेवर ती एका चांगल्या घोड्याच्या मागोमाग बाहेर आली, मोकळी वाट मिळताच घोड्याला सोडलं आणि अर्ध्या लांबीनं जिंकली. 1861 पासून चालत आलेली ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री!

याच शर्यतीत दुसरा आलेला जॉकी फ्रँकी डेट्टोरी, जगभर गाजलेला. पण वाट काढताना त्याच्या घोड्यामुळे दुसऱ्यांना अडथळा झाला म्हणून त्याच्यावर महिनाभराची बंदी आली, दंडही झाला. आपली वाट काढायची, पण दुसऱ्याची अडवायची नाही, हाही या खेळाचा नियमच आहे.

परवा आजोळी गेले होते. धीर करून मामींना हे सगळं सांगितलं. वाटलं, उठून आत जातील. पण त्या शेंगा सोलत ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे घोड्यावर बसलेल्यालासुद्धा शेवटपर्यंत ठाऊक नसतं, वाट मिळेल की नाही ते?"

"नसतं, मामी."

"मग खिडकीवर पैसे लावणाऱ्याला गं कुठून कळायचं?" मामी म्हणाल्या. "तुझे मामा रात्र रात्र कागदावर आकडेमोड करत बसायचे."

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्या मुलीचा भाऊ... त्याला बरं वाटलं असेल ना गं?"

"खूप," मी म्हटलं.

मामींनी सोललेल्या शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. आजोळच्या त्या घरात रेसबद्दल एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं होतं.