विश्लेषण : परदेशात दोन-तीन वर्षे शिकवायला जाताना परतीची तयारी आधी का करावी?

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता घाट चढू लागतो, त्या पायथ्याशी वरंध आहे. महाड-पोलादपूरच्या गावांना घरचे माणूस बाहेर असण्याची सवय जुनी. पण मुंबईचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला घरी पोहोचतो. परदेशी शाळेशी करार केलेल्या शिक्षकाला तिथल्या सुट्टीशिवाय येता येत नाही. शिवाय ही नोकरी तात्पुरती असते. त्यामुळे जाण्याइतकाच परतण्याचा हिशेबही आधी मांडावा लागतो.

अशा नोकऱ्या नव्या आहेत का?

नाहीत. सम्राट हेले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांमध्ये अनेक भारतीय शिक्षक होते. कवी दिलीप चित्रे १९६० मध्ये तिथे शिकवायला गेले आणि तीन वर्षांनी परतले. आज मालदीव, आखाती देश आणि अमेरिका हे प्रमुख पर्याय आहेत.

अमेरिकेचा ‘जे-१’ व्हिसा कोणाला?

संबंधित विषयाची किंवा शिक्षणशास्त्राची पदवी, किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि चांगले इंग्रजी हवे. अर्ज करताना सहसा मायदेशात शिक्षक म्हणून नोकरी सुरू असावी लागते. म्हणजे आधी राजीनामा देऊन मग अर्ज करणे अंगाशी येऊ शकते. मुदत तीन वर्षांपर्यंत, वाढवून कमाल पाच वर्षे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था ‘डीएस-२०१९’ हा अर्ज देते, त्याशिवाय व्हिसा नाही. आरोग्य विमा सक्तीचा आहे.

एजंटला किती पैसे द्यावेत?

भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर मोबाइलवरूनही तपासता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. ‘आधी पर्यटक म्हणून चला, परवाना तिथे काढू’ असे कोणी सांगितले, तर तिथेच थांबावे. मालदीवमध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय फिरायला जाता येते, नोकरी करता येत नाही.

कोणती कागदपत्रे लागतात?

पदवी, बी.एड., अनुभव प्रमाणपत्र आणि पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला. प्रमाणपत्रांचे आधी राज्य सरकारकडून साक्षांकन होते, मग परराष्ट्र मंत्रालय ‘अपोस्टील’ शिक्का देते. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे. अमिरातीसारख्या कराराबाहेरच्या देशासाठी दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या अनेक घरांत पाणी शिरले होते. ज्यांच्या गुणपत्रिका तेव्हा भिजल्या किंवा वाहून गेल्या, त्यांनी दुय्यम प्रतीसाठी मंडळाकडे आणि विद्यापीठाकडे वेळेत अर्ज करावा.

पहिले तीन महिने कसे जातात?

खर्च आधी सुरू होतो, पगार नंतर येतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांक यायला वेळ लागतो. घराची अनामत, किराणा आणि गाडी मात्र लगेच लागते, कारण लहान गावांत बस नसते. दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा आणि सुरुवातीला सहकाऱ्यांसोबत घर भाड्याने घ्यावे. मालदीवमध्ये राहणे बेटावर असते. शहरात ये-जा बोटीची. तिथे पूजेच्या मूर्ती नेण्यास बंदी आहे, हे कोकणातून जाणाऱ्याने सामान बांधतानाच लक्षात घ्यावे.

पैसा आणि कराचे काय?

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या भारतीयाचा आर्थिक वर्षातील भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो सर्वसाधारणपणे अनिवासी ठरतो. ऑगस्टमध्ये निघणारा त्याच वर्षी अनिवासी होऊ शकतो. बँकेला कळवून बचत खात्याचे ‘एनआरओ’ खात्यात रूपांतर करावे लागते. अमेरिका, अमिराती अशा काही देशांतील क्रमांकावर एनआरई-एनआरओ खात्याची यूपीआय सेवा मिळते. तरीही ओटीपीसाठी जुना भारतीय क्रमांक चालू ठेवावा. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २२ मुळे शिक्षकाच्या पगाराला दोन वर्षांपर्यंत तिथल्या संघीय प्राप्तिकरातून सवलत मिळू शकते. मात्र तिसऱ्या वर्षी हातात येणारी रक्कम घटते. कर्जाचे हप्ते ठरवताना हा फरक धरावा.

घराची घडी कशी बसवावी?

वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद होतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातीलच तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा जीव गेला. अशा भागात आई-वडील एकटे राहणार असतील, तर रात्री-अपरात्री त्यांना महाडच्या दवाखान्यात कोण नेणार, हे माणसाच्या नावानिशी ठरवावे. सातबारा, बँक, विमा यांसाठी मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करावे. परदेशातून करायचे तर भारतीय वकिलातीत खेपा घालाव्या लागतात.

परतल्यावर नोकरी राहते का?

ते निघण्यापूर्वीच्या कागदावर ठरते. खासगी अनुदानित शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे, तर जिल्हा परिषद शिक्षकांचे नियम वेगळे आहेत. तोंडी होकारावर कोणीही जाऊ नये. रजेचा लेखी आदेश घ्यावा आणि सेवाज्येष्ठता व निवृत्तिवेतनावर काय परिणाम होईल, हेही विचारून घ्यावे. ‘जे-१’ची मुदत पूर्ण झाल्यावर पुन्हा शिक्षक म्हणून त्याच व्हिसावर जाण्याआधी दोन वर्षे अमेरिकेबाहेर राहावे लागते. म्हणजे लगेच मागे फिरण्याची वाट नसते. परदेशातील शाळा सोडताना अनुभव प्रमाणपत्र, पगारपत्रके आणि कर विवरणाच्या प्रती सोबत आणाव्यात. इथली पुढची मुलाखत त्यांच्याच बळावर होते.