पोटाशी पिले बाळगणारा खेकडा

मृगाचा पाऊस झाला की मावळात भातखाचरांच्या बांधांवर खेकडे बाहेर पडतात. रात्री बत्ती घेऊन ते धरण्याची मजा आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवली आहे. पण या जिवाचा संसार कसा चालतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

समुद्री खेकड्याच्या अंड्यांतून बारीक डिंभ निघतात आणि लाटांवर तरंगत, रूपे पालटत वाढतात. आंदर मावळातल्या किंवा लोणावळ्याच्या डोंगरातल्या ओढ्यात असे डिंभ वाहूनच जातील. म्हणून गोड्या पाण्यातली खेकडीण अंडी थोडी घालते, पण ती मोठी असतात. ती पोटाखालच्या पडद्यात सांभाळते. त्यातून थेट आईसारखीच इवली पिले निघतात आणि काही काळ तिलाच बिलगून राहतात.

खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो, ते ओले राहावे लागतात. म्हणून उन्हाळ्यात तो ओलावा लागेपर्यंत बीळ खणून आत बसतो. कुजका पाला व मेलेले जीव खाऊन तो ओढाही स्वच्छ राखतो.

2019 साली चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला होता. मुक्या जिवावर खापर फोडणे सोपे असते!

वाचकहो, खेकडा उलटा करून पाहा. पडदा अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. पडद्यात अंडी किंवा पिले दिसली, तर तिला ओढ्यात परत सोडा. पुढच्या पावसाळ्याचे खेकडे तिच्याच पोटाशी आहेत.