मंदी किती मोठी, हे एका आकड्यावरून कळत नाही

2019 मध्ये नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात मंदीचीच चर्चा होती. 2019-20 या वर्षात देशातली व्यापारी वाहनांची विक्री चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली आणि वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांना त्याची झळ बसली. त्याच वर्षी देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन मात्र चार टक्क्यांच्या आसपास वाढलं.

गैरसमज: सलग दोन तिमाहींत उत्पादन घटलं तरच मंदी.

हा फक्त ठोकताळा आहे. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणारी नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था घसरण किती खोल, किती पसरलेली आणि किती काळ टिकली, हे तपासते. म्हणूनच 2020 मधली अवघ्या दोन महिन्यांची घसरणही तिने मंदी धरली.

गैरसमज: पडलो तेवढेच वाढलो की हिशेब मिटला.

एप्रिल-जून 2020 मध्ये भारताचं उत्पादन सुमारे 24 टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 20.1 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे 100 चे 76 झाले आणि 76 चे 91. बातम्यांत विक्रमी वाढ गाजली, पण जुनी पातळी अजून दूरच होती. ती पुन्हा गाठायला किती काळ लागला, हे तीव्रतेचं महत्त्वाचं माप आहे.

गैरसमज: टक्केवारी मोठी, ती मंदी मोठी.

1979-80 मध्ये देशाचं उत्पादन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, 1972-73 मध्ये एक टक्क्याहूनही कमी. तरीही सिन्नर-येवल्याकडे जुनी माणसं आजही बोलतात ती बहात्तरच्या दुष्काळाबद्दल. महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला आणि तलाव खणायला गेली, सुकडीवर आणि मिलो नावाच्या लाल ज्वारीवर जगली. देशाच्या सरासरीत एका राज्याची होरपळ दिसत नाही. माझ्या मते हीच या सरासरीच्या मापाची सर्वांत मोठी उणीव आहे.

गैरसमज: शेतीचं उत्पादन वाढलं, म्हणजे शेतकरी तरला.

एप्रिल-जून 2020 च्या तिमाहीत, पहिल्या अंदाजानुसार, कारखानदारी 39 टक्क्यांनी घसरली आणि शेती 3.4 टक्क्यांनी वाढली. पण ही वाढ स्थिर किमतींत मोजतात. कांदा कवडीमोल विकला गेला, तरी या हिशेबात त्याला आधारवर्षाचाच भाव लागतो. निफाडच्या शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, हे कळायला लासलगाव बाजार समितीतले भाव वेगळे पाहावे लागतात.