बिनतारी पहारेकरी

रात्रीचे तीन वाजले आहेत. घरात सगळे गाढ झोपले आहेत. दादीजान मात्र तहज्जुदच्या नमाजसाठी उठल्या आहेत. वजू करायला त्यांना न्हाणीघरापर्यंत जायचे आहे. मधल्या बोळात काळोख आहे आणि दिव्याचे बटण बोळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. कुणाची झोप मोडू नये म्हणून त्या हाक मारत नाहीत. भिंतीला हात लावून, अंदाजाने एकेक पाऊल टाकत त्या पुढे जातात. वाटेत तुमची सायकल उभी असेल, नाहीतर एखादी चप्पल उलटी पडली असेल, तर काय होईल?

विद्यार्थी मित्रांनो, म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. आपण पडलो तर गुडघा खरचटतो. पण वृद्ध माणूस पडला, तर खुब्याचे हाड मोडू शकते. मग शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण आणि पुन्हा चालण्याची धास्ती. हे सारे कशामुळे? वेळेवर एक दिवा लागला नाही म्हणून!

दादीजान खोलीबाहेर पाऊल टाकताच दिवा आपोआप लागला तर? हे काम करणारे एक छोटे यंत्र आहे. ते काड्यापेटीपेक्षा थोडेसे मोठे असते. त्याला तार नसते. हालचाल ओळखणारा बिनतारी सेन्सर असे त्याला म्हणतात. मराठीत सेन्सरला ‘संवेदक’ असा शब्द आहे. ज्या घरातले दिवे, पंखे, कुलपे अशी साधने एकमेकांना संदेश पाठवतात, त्या घराला आज ‘स्मार्ट घर’ म्हणतात. आपल्याला सारे घर स्मार्ट करायचे नाही. आपल्याला फक्त बोळातला एक दिवा शहाणा करायचा आहे.

आधी एक प्रश्न. या पहारेकऱ्याला अंधारात दिसते कसे?

त्यासाठी सन १८०० मध्ये जाऊ या. विल्यम हर्शेल हे खगोलशास्त्रज्ञ तेव्हा इंग्लंडमध्ये राहत होते. युरेनस ग्रहाचा शोध त्यांनीच १७८१ मध्ये लावला होता. त्यांनी सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला. प्रकाशाचे सात रंग पडले. मग प्रत्येक रंगात तापमापी ठेवून त्यांनी तापमान मोजले. गंमत अशी झाली, की तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही तापमापीतला पारा वर चढला! म्हणजे तिथे न दिसणारे किरण होते. त्यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

प्रत्येक उबदार वस्तू असे किरण बाहेर टाकते. आपले शरीरही टाकते. चुलीजवळ न जाता तिची धग गालांना जाणवते, ती याच किरणांमुळे. सह्याद्रीच्या जंगलात चापडा नावाचा विषारी साप आढळतो. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. या खळग्याने त्याला उंदराच्या अंगची ऊब कळते आणि अंधारातही तो नेमका झडप घालतो. आपल्या सेन्सरची युक्तीही साधारण अशीच आहे.

सेन्सरच्या आत एका खास पदार्थाचे दोन छोटे तुकडे असतात. या पदार्थाचे तापमान किंचित बदलले, तरी त्यावर विद्युतप्रभार निर्माण होतो. हे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोली हळूहळू तापली, तर दोन्ही तुकड्यांवर सारखाच परिणाम होतो आणि तो एकमेकांना खोडून काढतो. पण माणूस चालत गेला, की त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. तोल बिघडतो आणि सेन्सरला कळते, की कोणीतरी हलले!

सेन्सरच्या तोंडावर पांढरे, खवलेदार प्लॅस्टिक असते. ते नुसते झाकण नव्हे. ते भिंग आहे. आपल्या डोळ्यांना त्यातून आरपार दिसत नाही, पण अवरक्त किरण त्यातून सहज जातात. ऑगस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी असे कंगोरेदार भिंग तयार केले. ते १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात प्रथम बसवले गेले. दीपगृहात हे भिंग प्रकाश दूरवर पाठवते. सेन्सरमध्ये ते बाहेरची ऊब आत गोळा करते. शिवाय समोरच्या जागेचे ते संत्र्याच्या फोडींसारखे भाग पाडते. माणूस एका फोडीतून दुसऱ्या फोडीत गेला, की सेन्सर जागा होतो. म्हणूनच समोरून आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो. सरळ त्याच्याकडे चालत येणारा मात्र उशिरा कळतो. आणि अगदी स्तब्ध बसलेला माणूस त्याला कळतच नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

हालचाल कळली, पण दिव्याला सांगायचे कसे? तार तर नाही! सेन्सर रेडिओ लहरींनी निरोप पाठवतो. यासाठी ‘झिगबी’ नावाची एक पद्धत बरीच वापरली जाते. तिचे निरोप अगदी छोटे असतात. निरोप पाठवून झाला, की सेन्सरचा रेडिओ झोपी जातो. त्यामुळे बटणाएवढ्या एका सेलवर तो एक-दोन वर्षेसुद्धा चालतो. हा निरोप एका छोट्या पेटीकडे जातो. तिला ‘हब’ म्हणतात. हब निरोप ऐकतो, ठरलेला नियम पाहतो आणि दिव्याला हुकूम देतो.

आता प्रत्यक्ष कामाला लागू या. तीन वस्तू लागतील : एक सेन्सर, एक हब आणि हबचे ऐकणारा एक स्मार्ट बल्ब. तिन्ही वस्तू एकाच पद्धतीच्या आहेत ना, हे दुकानातच विचारून घ्या. एक मराठी बोलतो आणि दुसऱ्याला फक्त फारसी कळते, असे झाले तर संवाद कसा व्हायचा?

पहिले काम ओळख करून देण्याचे. हब चालू करा. मोबाइलवरच्या त्याच्या ॲपमध्ये ‘नवे साधन जोडा’ अशा अर्थाची सूचना निवडा. मग सेन्सरमधला कागदी किंवा प्लॅस्टिकचा पट्टा ओढून काढा, म्हणजे सेलचा संपर्क जुळेल. सेन्सरवरचे बारीक बटण काही सेकंद दाबून धरा. छोटा दिवा लुकलुकू लागला, की सेन्सर जणू ‘मी आलो’ असे सांगतो आणि हब त्याचे नाव आपल्या वहीत लिहून घेतो. हे काम सेन्सर हबजवळ ठेवूनच करावे. बल्बचीही अशीच ओळख करून द्या.

हब लोखंडी कपाटात ठेवू नका. धातू रेडिओ लहरी अडवतो. वाय-फायच्या राउटरला चिकटूनही ठेवू नका. दोघेही सहसा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच बोलतात. दोन माणसे एकाच वेळी मोठ्याने बोलू लागली, तर कुणाचेच नीट ऐकू येत नाही. तसेच हे.

दुसरे काम जागा निवडण्याचे. इथेच पुष्कळ लोक चुकतात. सेन्सर बोळाच्या टोकाला, दादीजानच्या दाराकडे तोंड करून लावावा, असे आपल्याला वाटते. पण मग त्या सरळ सेन्सरकडे चालत येतील आणि दिवा लागेपर्यंत चार पावले अंधारात पडतील. पडायला एक पाऊलही पुरते! म्हणून सेन्सर त्यांच्या दाराजवळच्या बाजूच्या भिंतीवर लावावा. दार ओलांडताच त्या त्याच्यासमोरून आडव्या जातील. उंची साधारण दोन मीटर असावी. नेमका आकडा सेन्सरबरोबरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. चिकटपट्टी लावण्याआधी भिंत कोरड्या फडक्याने पुसा. चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही. तिथे स्क्रू वापरावा. शिडीवर चढण्याचे आणि भिंतीला भोक पाडण्याचे काम मोठ्या माणसांकडूनच करून घ्या.

सेन्सरचे तोंड उन्हाच्या खिडकीकडे, चुलीकडे किंवा गरम हवेच्या झोताकडे नको. नाहीतर कोणी नसतानाही दिवा लागेल. पलंगाकडेही नको. नाहीतर कूस बदलली तरी लख्ख उजेड पडायचा आणि दादीजानची झोप मोडायची! गरज पडली, तर भिंगाच्या त्या भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. तेवढ्या बाजूचे त्याला दिसणार नाही.

तिसरे काम नियम सांगण्याचे. मराठीच्या तासाला तुम्ही ‘जर-तर’ची वाक्ये शिकता. उर्दूत आपण ‘अगर... तो’ म्हणतो. हबलाही असेच वाक्य द्यावे लागते : ‘जर सूर्यास्तानंतर हालचाल झाली, तर बोळातला दिवा मंद लाव. जर दहा मिनिटे हालचाल झाली नाही, तर तो बंद कर.’

दिवा मंद का? झोपेतून उठलेल्या डोळ्यांना लख्ख उजेड सोसत नाही. डोळे दिपतात आणि पुन्हा पाऊल चुकते. आणि दहा मिनिटे का? एकच मिनिट का नको? विचार करा. दादीजान न्हाणीघरात गेल्या आणि दार लोटले. आता सेन्सरला त्या दिसत नाहीत. एका मिनिटात दिवा विझला, तर परतीची वाट पुन्हा अंधारी. वजूला किती वेळ लागतो, हे यंत्राला ठाऊक नाही. तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून नियम यंत्राच्या सोयीचा नको, माणसाच्या सोयीचा हवा.

आता परीक्षा घ्या. रात्री इतर दिवे मालवा आणि दादीजानच्या चालीने हळूहळू चाला. तुमच्या चालीने नव्हे! पाच-सहा वेळा जाऊन या. एकदाही दिवा चुकला, तर सेन्सरची जागा किंवा दिशा बदला. ही परीक्षा मे महिन्यात पुन्हा घ्या. सेन्सर माणसाची ऊब आणि भिंतीची ऊब यांतला फरक पाहतो. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअस असते. मालेगाव, नागपूर यांसारख्या गावांत उन्हाळ्यात भिंतीही तितक्याच तापतात. मग फरक उरत नाही आणि हिवाळ्यातला चलाख पहारेकरी उन्हाळ्यात डुलक्या घेऊ लागतो.

आणखी काही गोष्टी सांगायला हव्यात. स्मार्ट बल्बचे भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. कोणी सवयीने ते बंद केले, की बल्बला वीजच मिळत नाही. मग सेन्सर कितीही ओरडला तरी उपयोग नाही. म्हणून बटणावर ‘बंद करू नका’ अशी चिठ्ठी मराठीत आणि उर्दूत लावा. वीज गेली, तर सेन्सर सेलवर जागा राहील. पण हब आणि बल्ब बंद पडतील. तेव्हा दादीजानच्या उशाशी बॅटरी ठेवायला विसरू नका. वायरिंगला हात लावायचा असेल, तर वायरमनलाच बोलवा. घरातली वीज २३० व्होल्टची असते. ती चूक माफ करत नाही.

सेन्सरमधला चपटा सेल लहान भावंडांच्या हाती मुळीच लागू देऊ नका. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजून मोठी इजा करू शकतो. असा संशय आला, तर क्षणाचाही उशीर न करता मुलाला दवाखान्यात न्यावे.

शेवटची गोष्ट अदबीची. कोण किती वाजता उठले, याची नोंद ॲपमध्ये राहू शकते. म्हणून सेन्सर लावण्याआधी दादीजानना विचारा. त्यांना सारे समजावून सांगा. हा त्यांच्यावर नजर ठेवायला नाही, त्यांची वाट उजळायला आहे, हे त्यांना पटले पाहिजे. ॲपचा पासवर्ड घराबाहेरच्या कुणाला सांगू नका.

मित्रांनो, हा बिनतारी पहारेकरी दिवा लावतो. पण वाटेतली सायकल तो उचलत नाही. उलटी पडलेली चप्पल तो सरळ करत नाही. दादीजान पडल्या, तर त्यांना हात देऊन उठवत नाही. ती कामे तुमचीच आहेत. आज रात्री झोपण्यापूर्वी बोळात एक चक्कर मारा आणि वाट मोकळी आहे ना, ते पाहा. सेन्सर नंतर आणता येईल. हे काम मात्र आजच करता येईल.

स्वाध्याय

१. सेन्सरमधले दोन तुकडे एकमेकांच्या उलट का जोडलेले असतात?
२. सेन्सर दाराजवळच्या बाजूच्या भिंतीवर लावणे चांगले का?
३. उन्हाळ्यात सेन्सरची परीक्षा पुन्हा का घ्यावी?
४. ‘नियम यंत्राच्या सोयीचा नको, माणसाच्या सोयीचा हवा’ हे पाठातल्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. ‘जर... तर...’ वापरून तुमच्या घरासाठी उपयोगी पडतील असे तीन नियम लिहा.